यीस्टमधला अ‍ॅक्टिन बघायचाय? मग आधी त्याला छळणं थांबवा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला यीस्ट मिळालं की पोरं तोंड पाडून बसतात, कॅन्सरच्या पेशी नाहीत, उंदीर नाही, यीस्टमध्ये काय बघायचं म्हणे. कोल्हापुरात तर अजूनच, कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबवायला हेच असतं, त्यामुळं घरी सांगायची पण सोय नाही. पण लीलँड हार्टवेलना 2001 चं नोबेल मिळालं ते याच यीस्टच्या सीडीसी म्युटंटांवरच्या (ज्यांचं पेशीविभाजन मध्येच अडतं) कामासाठी, सेप्टिन या मानेपाशी कडं करणाऱ्या प्रोटीनांची जीन्स पण त्याच शोधातली. तेव्हा नाराज होऊ नका. यीस्टला बाजूला कोंब फुटून नवी पेशी होते, तो कोंब म्हणजे बड, आणि अ‍ॅक्टिन म्हणजे पेशीचा आतला सांगाडा बनवणारं एक प्रोटीन.

सीडीसी42 हे प्रोटीन बडची जागा ठरवतं, फॉर्मिन अ‍ॅक्टिनच्या केबल म्हणजे दोऱ्या बांधतं, मायो2 हे मोटर प्रोटीन त्यावरनं व्हेसिकल (मालाच्या बारक्या पिशव्या) बडमध्ये ओढून नेतं, हे तुम्हाला येत असणार. एवढं मात्र डोक्यात फिट करा की प्राण्यांच्या पेशीत स्पिंडल (क्रोमोसोम वाटून देणारी रचना) कुठं आहे त्यावर पेशी कुठं तुटणार ते ठरतं, इथं मान (आई-पेशी आणि बडमधली अरुंद जागा) आधी ठरते आणि स्पिंडलला तिथं यावं लागतं. म्हणून नोकोडॅझोल या औषधानं मायक्रोट्यूब्यूल (स्पिंडल ज्यांचा बनतो त्या नळ्या) मोडले तरी बड येतो, वाढतो आणि पेशी मोठा बड घेऊन अडकते. लॅट्रंक्युलिन या औषधानं अ‍ॅक्टिन मोडला तर बडच येत नाही.

आता खरा खड्डा, ज्यात मी पूर्ण सेमिस्टर पडून होते. सिनियरकडनं पिढ्यानपिढ्या चालत आलेली झेरॉक्स मिळते, त्यात लिहिलंय पेशी स्पिन करा, पीबीएसनं (खारट बफरनं) धुवा, मग फिक्स करा, म्हणजे पेशी आहे तशी गोठवा. करू नका! अ‍ॅक्टिन जावयासारखा आहे, जरा कमीजास्त झालं की रुसला. पीबीएसमध्ये ग्लुकोज नसतं, आणि ग्लुकोज काढलं की थोड्याच मिनिटांत केबल गायब, पॅच म्हणजे अ‍ॅक्टिनचे ठिपके आई-पेशीभर विखुरलेले. स्पिन केलं तरी बिघडतो, मीठ जास्त झालं तरी, 25 वरनं 37 अंशांवर नेलं तरी. आणि फ्लोरोसंट मायक्रोस्कोपखाली हे सगळं अगदी म्युटंटसारखंच दिसतं, म्हणजे तुम्ही खूश, वाइल्ड टाइप (म्युटेशन नसलेलं साधं यीस्ट) बघितलं की तेही तसंच.

म्हणून फिक्स करायचं फॉर्माल्डिहाइड थेट फ्लास्कमध्ये ओता, वाढतंय तसंच, मीडियासकट. 37 टक्क्यांचं असेल तर 9 मिलि कल्चरला 1 मिलि, फ्यूमहूडमध्ये. धुणं-बिणं नंतर. फॅलॉइडिन (अ‍ॅक्टिनला चिकटून तो दाखवणारं) लावायचं असेल तर मिथेनॉलपासून लांब ठेवा, नेहमीच्या फॉर्मॅलिनच्या बाटलीत पण ते घातलेलं असतं, लेबल वाचा. टेंपरेचर सेन्सिटिव्ह म्युटंट (37 अंशांना दोष दाखवणारा) असेल तर वाइल्ड टाइपला पण तेवढाच वेळ 37 ला ठेवा. साधा अ‍ॅक्टिन पण तिथं नेल्या नेल्या विस्कटतो आणि तासा-दीड तासात परत जागेवर येतो, त्यामुळं पहिल्या अर्ध्या तासातला फोटो बघून नाचू नका. एप्रिलमध्ये लाइट गेली की आपल्या लॅबमध्ये बेंचवरच हीटशॉक बसतो हे पण धरून चाला.

मोजताना सगळ्या पेशी एका ढिगात टाकू नका. बड नसलेल्या जी1 (विभाजनाच्या चक्रातला पहिला टप्पा) पेशीत पॅच तसेही विखुरलेले असतात, तो दोष नाही. शेवटी पेशी तुटायच्या वेळी सगळे मानेपाशी गोळा होतात, तेही नॉर्मल. छोट्या बडवाल्याच पेशी मोजा, पॅच बडमध्ये आणि केबल आईकडनं बडकडं, हे दिसलं तर ठीक. अपुरं वाटेल, मला पण वाटलेलं, पण त्या शंभरएक पेशी हजार मिक्स पेशींपेक्षा जास्त बोलतात.

गाइड वेळ देत नाहीत म्हणून रडण्यात अर्थ नाही, त्यांना मीटिंगा असतात. लॅब असिस्टंटशी मात्र नीट वागा, शेकर रात्री बंद पडला होता का हे फक्त त्यांनाच माहीत असतं. यूट्यूबवरचे पाच मिनिटांत सायटोस्केलेटन वगैरे लॉकडाउनपासून लई झालेत, परीक्षेपुरते बघा. आणि नोकोडॅझोल, लॅट्रंक्युलिन दोन्ही डीएमएसओमध्ये विरघळवतात, तेव्हा नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल त्याच दिवशी लावा, परवाचा चालत नाही.