ए प्लसची पुस्तकं घेताय? आधी या चुका टाळा

मे महिन्यात भर दुपारी शिरपूरचा एक पोऱ्या दुकानात आला. सॅकमधून त्याने स्पायरल बाइंडिंग केलेला झेरॉक्सचा जाडजूड गठ्ठा काढला आणि काउंटरवर ठेवला. "दादा, एवढं केलं की ए प्लस निघेल ना?" पहिलं पान उलटलं, तर वर छापलेलं २२०-९०१. आत विंडोज विस्टाची चित्रं. निम्मा गठ्ठा पिवळ्या मार्करने रंगवलेला. आता याला काय सांगायचं? "भो, या नंबरची परीक्षा २०१९ मध्येच बंद झाली," एवढं बोललो आणि चहा मागवला.

धुळ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आयटी सपोर्टच्या नोकरीसाठी कॉम्पटिया या आयटी प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेची ए प्लस परीक्षा द्यायची म्हणून पोरं विचारायला येतात. अभ्यासाला कुणी कमी पडत नाही. गडबड होते ती साहित्य निवडताना.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे नंबर न बघता पुस्तक घेणं. ही परीक्षा साधारण तीन वर्षांनी बदलते. ९०१-९०२ गेली, मग १००१-१००२ गेली, ११०१-११०२ सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली. आता चालते ती मार्च २०२५ पासूनची, दोन पेपरांची: कोअर १ म्हणजे २२०-१२०१ आणि कोअर २ म्हणजे २२०-१२०२. प्रमाणपत्रासाठी दोन्ही पेपर एकाच मालिकेतले लागतात. ११०१ ला १२०२ जोडून चालत नाही. जुन्या पुस्तकातलं सगळंच वाया जातं असं नाही. दूरचा कॉम्प्युटर चालवायच्या एसएसएचचा पोर्ट (नेटवर्कवरच्या दाराचा नंबर म्हणा) २२ आणि रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ तेव्हाही होता, आजही आहे. कुणी फुकट दिलं तर चाळा, खिशातला रुपया मात्र घालू नका. सेकंडहँड पुस्तकवाला "सेम टू सेम आहे" म्हणणारच, त्याला ते खपवायचंय.

मग घ्यायचं काय? सगळ्यात आधी, एक पैसाही न देता, कॉम्पटियाच्या साइटवरून ऑब्जेक्टिव्ह्जची पीडीएफ उतरवा. परीक्षेत काय येऊ शकतं त्याची ती यादी आहे. दोन्ही पेपरांची प्रिंट काढा. पुस्तक असो की व्हिडिओ, त्याची अनुक्रमणिका या यादीशेजारी ठेवून ताडून बघा. कोअर १ मध्ये हार्डवेअर आणि नेटवर्कमधले बिघाड शोधण्याला २८ टक्के वजन आहे, हार्डवेअरला २५, नेटवर्किंगला २३, मोबाइल उपकरणांना १३, व्हर्च्युअलायझेशन (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा चालवणं) आणि क्लाउडला ११. पुस्तकाने मदरबोर्डच्या इतिहासावर शंभर पानं आणि बिघाडांवर दहा पानं दिली असतील, तर ते परत कपाटात ठेवा.

दुसरी चूक माझीच आहे. पहिल्या खेपेला मी कोअर १ मध्ये नापास झालो. सराव चाचणीचा एकच संच महिनाभर घासला होता. शेवटी ९५ टक्के पडायला लागले आणि छाती फुगली. प्रश्न अर्धा वाचला की उत्तर कोणत्या नंबरला आहे ते आठवायचं, म्हणजे पाठ झाले होते ते पर्याय. परीक्षेत सुरुवातीलाच चित्रात जोडण्या करायचे, करून दाखवायचे प्रश्न आले आणि हात गार पडले. ते काय होते ते सांगता येत नाही, तसं कबूलच करून घेतात. ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात. असल्या प्रश्नांना खूण करून पुढे जायचं आणि शेवटी परत यायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून दोन वेगळ्या लोकांनी बनवलेले संच घ्या, आणि करून दाखवायचे प्रश्न त्यात असलेच पाहिजेत. गुण मोजतानाही फसू नका. कोअर १ ला ९०० पैकी ६७५ आणि कोअर २ ला ७०० लागतात, पण मोजपट्टी १०० पासून सुरू होते. म्हणजे ६७५ ला सरळ ७५ टक्के समजू नका.

टेलिग्रामवर "खरे प्रश्न" म्हणून फिरणारे डंप घेऊ नका. पकडलं गेलं तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं, आणि त्यातली उत्तरंही कितीतरी वेळा चुकीची असतात.

आपल्याकडच्या मराठी माध्यमाच्या पोरांची एक वेगळीच अडचण असते. हिंदी व्हिडिओ बघून विषय छान समजतो, पण पेपर इंग्रजीतून असतो. त्यात 'फर्स्ट', 'बेस्ट', 'मोस्ट लाइकली' हे शब्द येतात, आणि सगळा प्रश्न त्या एका शब्दावर फिरतो. चारही उपाय बरोबर असतात. विचारलेलं असतं आधी कोणता. समजून घ्यायला हिंदी-मराठी चालेल, सराव मात्र इंग्रजीतूनच करा.

नुसत्या वाचनावर राहू नका. लेझर प्रिंटरच्या सात पायऱ्या मी किती वेळा पाठ केल्या आणि विसरलो. मग एका वकिलांचा प्रिंटर दुरुस्तीला आला. छापलेल्या कागदावर बोट फिरवलं की अक्षरं बोटाला यायची. उघडून पाहिलं तर फ्यूजर, म्हणजे कागद तापवणारा भाग, तापतच नव्हता. टोनर (शाईची पूड) कागदावर पडत होता, वितळून चिकटत नव्हता. फ्यूजिंगची पायरी ट्रान्सफरच्या, म्हणजे टोनर कागदावर येण्याच्या, नंतर का, हे त्या दिवशी डोक्यात बसलं ते बसलंच. तुमच्याकडे दुकान नसेल तर जुना पीसी मिळवा, उघडा, जोडा. आपल्या उन्हाळ्यात दहा मिनिटांत आपोआप बंद पडणारा पीसी शोधायला लांब जावं लागत नाही. पंख्यातली धूळ काढा, वाळलेली थर्मल पेस्ट बदला. राउटरचं डीएचसीपी, म्हणजे पीसीला आपोआप नेटवर्कचा पत्ता देणारी सोय, बंद करा आणि पीसीला जुना पत्ता सोडून नवा मागायला लावा, थोड्या वेळात पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसेल. विंडोजच्या सरावासाठी पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे आणि विंडोज एंटरप्राइजची ९० दिवसांची चाचणी आवृत्तीही फुकट मिळते.

सराव चाचणीत गुण एकाच जागी अडकले, तर नवीन पुस्तक आणू नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर ऑब्जेक्टिव्ह्जमधला त्याचा क्रमांक लिहा. तीन-चार क्रमांकच पुन्हा पुन्हा येतील, तेवढेच परत करा.

शिरपूरच्या पोऱ्याला मी त्या दिवशी फक्त प्रिंट काढून दिल्या. गठ्ठा तो इथेच सोडून गेला, म्हणाला, "राहू द्या दादा, घरी आबांना दिसला तर पैशांचा हिशेब विचारतील."