दुकानाची पिशवी एका रंगाची, भिंत दुसऱ्याच?

दादरला बहिणीच्या साडीच्या दुकानाचं रंगकाम काढलं होतं. पाटी आणि पिशवी गर्द मरून. शेडकार्डवर हुबेहूब जुळलेला रंग संध्याकाळी दिवे लागल्यावर चक्क विटकरी दिसला! खरा घोळ दिव्यांचा होता.

१. आधी बल्ब ठरवा, मग रंग. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो: 2700-3000 पिवळसर, 4000 मधला, 6500 निळसर पांढरा. आकडा दुकानभर एकच ठेवा.
२. साड्या-कपड्यांसाठी खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, त्याचा आकडा) 90 किंवा जास्त आहे ना, पाहा. नाहीतर गिऱ्हाईक साडी घेऊन फुटपाथवर उजेडात रंग बघायला जाणारच. (आम्हीही तेच करतो म्हणा.)
३. छोटा डबा आणून पुठ्ठ्यावर दोन हात मारा, वाळू द्या. भिंतीला टेकवून शेजारी पिशवी टांगा आणि दुपारी, मग दिवे लावून, दोनदा बघा. मोबाईलच्या फोटोवर जाऊ नका, तो रंग आपल्या मनाने बदलतो.
४. पसंत पडला की शेडचा कोड लिहून ठेवा. पाटीवाल्यालाही तोच दाखवा.

एकच सांगणं, पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर रंगाचा हात मारू नका. पापुद्रे सुटतात.