योजनांचं टेबल घेताना: पंचायत समितीच्या शिक्षण विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

शिक्षण विभागात रुजू झालात आणि पहिल्याच आठवड्यात 'योजनांचं टेबल तुमच्याकडे' असं सांगितलं गेलं, तर समजा की ते दुसऱ्या कुणाला नको होतं. आस्थापनेच्या टेबलाला मान असतो, कारण वेतनवाढी आणि सेवापुस्तकं तिथून फिरतात. योजनांच्या टेबलाला फक्त फोन येतात. मी सांगली जिल्ह्यात हे टेबल बरीच वर्षं सांभाळलं, आधी कनिष्ठ आणि मग वरिष्ठ सहायक म्हणून. त्यातून पक्कं झालेलं मत आधीच सांगून टाकतो. योजनेचा नियम पाळला जातो किंवा मोडला जातो तो शाळेत, त्या त्या दिवशी. आपल्याकडे येते ती त्याची बेरीज. बेरीज सजवत बसण्यापेक्षा मुख्याध्यापकाला नोंद नीट करायला मदत केलीत, तर पुढची निम्मी पत्रं टळतात.

पहिल्या महिन्यात एवढंच शिका: कुठला पैसा कुणाचा. समग्र शिक्षा २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक शिक्षण एकत्र करून आली. त्यात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०, आणि निधी महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडून खाली येतो. पोषण आहाराचा हिशोब वेगळा, समाजकल्याणच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या, शिक्षण हक्क कायद्याखालच्या (आरटीई) खासगी शाळांतल्या २५ टक्के प्रवेशांची प्रतिपूर्ती आणखी वेगळी. कागदावर हे सोपं दिसतं. गणवेश घ्या. समग्र शिक्षेतून दोन जोड्यांचे ६०० रुपये मिळतात ते सगळ्या मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना. उरलेल्या मुलांचा गणवेश २०२३ पासून राज्य आपल्या पैशातून देतं. म्हणजे एका बाकावर शेजारी बसलेल्या दोन पोरांच्या अंगावर एकाच ताग्याचं कापड, पण खर्च दोन लेखाशीर्षांवर. मुख्याध्यापकाला यात काही वावगं दिसत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. लेखापरीक्षकाला मात्र दोन याद्या, दोन प्रमाणकं (व्हाउचर) आणि किर्दवहीत दोन नोंदी लागतात. शिंप्याचं बिल एकच आलं असेल तर तिथेच थांबवा आणि फोड करून घ्या. मार्चमध्ये ती फोड करायला शिंपी सापडत नाही.

२०२४-२५ मध्ये गणवेशाची खरेदी राज्य पातळीवर गेली आणि डिसेंबर २०२४ च्या निर्णयाने पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आली. माझ्या मते ती समितीकडेच शोभते, कारण कुठल्या पोराला कुठलं माप बसतं हे गावातल्या शिंप्याला मंत्रालयापेक्षा जास्त कळतं. पण समितीकडे आली म्हणजे समितीचा ठरावही आला. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात, आणि ठरावाची तारीख बिलाच्या आधीची हवी. हे शेवटचं वाक्य भिंतीवर चिकटवून ठेवा. ठराव १२ तारखेचा, बिल ९ तारखेचं, असा आक्षेप मी इतक्या फायलींत पाहिलाय की प्रमाणक उघडलं की डोळा आधी तारखेवर जातो.

आता याद्यांकडे. युडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या पोर्टलवर २०२२-२३ पासून प्रत्येक मुलाची वेगळी नोंद होते आणि त्याला कायमचा 'पेन' (विद्यार्थी ओळख) क्रमांक मिळतो. पाठ्यपुस्तकांची मागणी असो की गणवेशाचा निधी, सगळं या नोंदीवर उभं आहे. पट मोजायची तारीख ३० सप्टेंबर, म्हणून तुमचा खरा हंगाम जुलै ते सप्टेंबर. शाळेच्या अकरा अंकी कोडकडे बघायची सवय लावा. सांगलीच्या शाळा २७३५ ने सुरू होतात, साताऱ्याच्या २७३१ ने. कराड-वाळव्याच्या शिवेवर मुलं या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात सहज जातात, तेव्हा हे चार आकडे कामाला येतात.

आपल्या जिल्ह्याची खरी डोकेदुखी मात्र शिवेपलीकडची आहे. विटा, आटपाडी भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यापायी देशभर पसरलेली. त्यांची मुलं मधल्याच इयत्तेत गावी आजीकडे येतात. कुणी केरळातून, कुणी तमिळनाडूतून, कुणी उत्तर प्रदेशातून. मुख्याध्यापक मुलाला वर्गात बसवतो, तेही बरोबरच, कारण दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे आरटीई कायद्याचं कलम ५ सांगतं. गडबड पुढे होते. पोर्टलवर मूल सापडत नाही म्हणून नवी नोंद करण्याचा मोह होतो. तो होऊ देऊ नका. त्या मुलाचा पेन क्रमांक तिकडच्या शाळेत आहे. त्या शाळेने त्याला ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, टाकलं की तो आपल्याला आयात करता येतो. नवी नोंद केलीत तर एकच आधार दोन मुलांना लागतो आणि दोन्ही नोंदी अडकतात. तिकडच्या शाळेशी बोलायला आपली मराठी-हिंदी पुरत नाही. त्यावर सोपा इलाज म्हणजे पालकाला ऑफिसात बोलावून त्यालाच फोन लावायला सांगणं. वीस वर्षं तिकडे दुकान चालवलेला माणूस तिथल्या हेडमास्तरांशी अस्खलित बोलतो आणि काम दहा मिनिटांत होतं.

ऊसतोडीचं चित्र उलटसुलट आहे. जत-आटपाडीकडची काही कुटुंबं तोडीला बाहेर जातात, आणि वाळवा-पलूसच्या कारखान्यांवर बीडकडची येतात. मूळ शाळेतलं नाव न कमी करता दुसऱ्या गावात मुलाला शिकता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. टोळ्या दिवाळीच्या आगेमागे हलतात, म्हणून कार्डं आधीच भरून ठेवायची. टोळी निघून गेल्यावर भरलेलं कार्ड शाळेच्या कपाटातच राहतं. आणि ज्या महिन्यात मूल तोडीवर आहे, त्या महिन्यात मूळ शाळेच्या आहार नोंदीत त्याचं ताट दिसता कामा नये.

ताटाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पीएम पोषणचं, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचं, प्रमाण पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, आणि पूर्ण जेवणातून अनुक्रमे ४५० आणि ७०० कॅलरी. पाचवीपर्यंतची ४३ मुलं जेवली तर ४ किलो ३०० ग्रॅम तांदूळ संपला पाहिजे. वर्गाची हजेरी, पोर्टलवरची रोजची नोंद आणि साठा नोंदवही या तिन्हींत तो मेळ बसला पाहिजे. गंमत म्हणजे पकडल्या जातात त्या अतिशय नीट नोंदी. महिनाभर रोज पूर्ण पट जेवलेला दिसला की तपासणी करणारा कॅलेंडर मागतो. जतला यल्लम्मा देवीची यात्रा भरलेली असताना आसपासच्या गावातली एकूण एक मुलं शाळेत बसून खिचडी खात होती, यावर कोण विश्वास ठेवणार? मुख्याध्यापकांना सांगा, कमी आकड्याची लाज बाळगू नका. कमी असला तरी खरा आकडा लिहिलेली शाळा तपासणीत कधी अडचणीत आलेली मी पाहिली नाही. वाढण्याआधी चव घेऊन चव रजिस्टरला सही करायची ती रोज. शनिवारी आठवड्याच्या सह्या एकाच पेनाने झालेल्या लांबूनही ओळखू येतात.

कृष्णाकाठच्या शाळांसाठी आणखी एक. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं, तेव्हा तांदूळही भिजला आणि रजिस्टरंही. भिजलेला तांदूळ परस्पर टाकून दिला तर तो हिशोबात शिल्लकच राहतो. पंचनामा, समितीचा ठराव, फोटो आणि मग साठ्यातून कमी, हाच क्रम. जनरल रजिस्टर मात्र पावसाळ्याआधी उंचावर गेलं पाहिजे. मुलाचा दाखला, जन्मतारीख, जात, सगळं त्यातूनच निघतं.

शिष्यवृत्त्यांची रक्कम लहान आणि कामाचा डोंगर मोठा. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीचा दर वर्षानुवर्षं पाचवी ते सातवीला महिना ६० आणि आठवी ते दहावीला महिना १०० रुपये असाच होता. एवढ्यासाठी जातीचा दाखला, बँक खातं, आधार जोडणी करायला आई दिवसाचा रोजगार बुडवून येते. सावित्रीबाईंचं नायगाव शेजारच्या सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात आहे. त्यांच्या नावाच्या योजनेत तरी एखाद्या मुलीचा अर्ज आपल्या टेबलावर पडून राहू नये, असं मला नेहमी वाटायचं.

एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती मोठी आहे. आठवीत परीक्षा, नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. परीक्षा पास होणं आपल्या मुलांना जमतं. गळती होते ती नंतर, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. तिथे दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, शाळा पडताळते, मग जिल्हा पडताळतो. मूल आठवीनंतर दुसऱ्या हायस्कूलला गेलं की जुनी शाळा म्हणते आमचं नाही, नवी म्हणते आम्हाला माहीत नाही. तुमच्या तालुक्यातल्या निवड झालेल्या मुलांची यादी स्वतःजवळ ठेवा, मूल कुठल्या शाळेत गेलं ते त्यापुढे लिहा, आणि पोर्टल सुरू झालं की त्या शाळेला फोन करा. शिष्यवृत्ती पुढे चालू राहायला दहावीत ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सवलत) हवेत, हे नववीतच सांगा. निवड न झालेल्या पण पात्र मराठा, कुणबी-मराठा मुलांसाठी सारथी या राज्याच्या संस्थेची वर्षाला ९,६०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज राहून जातो.

मग तो फोन येतोच: "साहेब, पैसं आल्यात म्हंत्यात, पर खात्यावर न्हाईत." इथे पासबुक बघून उपयोग नाही. थेट लाभाचा पैसा आधार शेवटी ज्या बँकेशी जोडलं तिकडे जातो. पालकाने मधे पोस्टाचं खातं उघडलं असेल आणि विसरला असेल, तर पैसा तिथे पडलेला असतो. आधी ती जोडणी तपासा, मग अर्ज वर पाठवा. नावातला फरक हा दुसरा अडसर. शाळेत आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे निराळं. जनरल रजिस्टरमधलं नाव प्रमाण धरून आधार दुरुस्त करायचं. आधारसारखं करायला म्हणून रजिस्टरमध्ये खाडाखोड करायची नाही.

निधीची पद्धत आता बदललीय. शाळेच्या खात्यात पैसा येऊन पडत नाही. शून्य शिल्लक खात्याला खर्चाची मर्यादा मिळते, पीएफएमएस या सरकारी निधीच्या पोर्टलवर एकजण मेकर म्हणून देयक टाकतो, दुसरा चेकर म्हणून मंजूर करतो. न वापरलेली मर्यादा ३१ मार्चला परत जाते. पट ३१ ते १०० असलेल्या शाळेला निकषाने २५,००० रुपये संयुक्त अनुदान, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. दोनशिक्षकी शाळेत हे सगळं करणारा माणूस तासाला शिकवतही असतो. म्हणून जानेवारीत केंद्रप्रमुखांना घेऊन केंद्रनिहाय बसा, लॅपटॉप उघडा आणि देयकं तिथेच टाकून घ्या. परिपत्रक पाठवून हे होत नाही.

लेखापरीक्षेला घाबरू नका. स्थानिक निधी लेखापरीक्षा, महालेखापालांचं पथक, कधी विधिमंडळाची पंचायत राज समिती, सगळे जवळपास तेच कागद मागतात. आक्षेपाच्या उत्तरात 'भविष्यात दक्षता घेण्यात येईल' एवढंच लिहून 'मुद्दा वगळण्यात यावा' म्हणायची रीत आहे. त्याने मुद्दा वगळला जात नाही, पुढच्या वर्षीच्या पुस्तकात जातो. उत्तरासोबत पान क्रमांक टाकून कागद जोडा, नसेल तर नाही म्हणून लिहा.

तातडीच्या पत्रांबद्दल काय बोलावं? 'आज सायंकाळी ५ पर्यंत, निरंक असल्यास निरंक कळवावे' असं पत्र दुपारी तीनला येणार. तीच माहिती चार वेगळ्या नमुन्यांत मागितली जाणार. प्रत्येक वेळी ती शाळांकडून मागवली तर शाळा वैतागून अंदाजे आकडे देतात, आणि तेच आकडे पुढे तुमच्या मानेवर बसतात. युडायस उतरवून घ्या, त्यातून जेवढं भरता येईल तेवढं स्वतः भरा. मात्र मुलांची जात आणि आधार क्रमांक असलेल्या याद्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, वरून कितीही फोन आले तरी. दिव्यांग मुलांच्या याद्यांबाबत तर अजिबातच नाही. त्या गट साधन केंद्रातल्या विशेष तज्ज्ञांकडे हाताने द्या.

चार्ज घेताना फायलींची यादी सगळेच करतात. तुम्ही पोर्टलांची करा: कुठलं पोर्टल, युजर आयडी कुठला, नोंदवलेला मोबाइल कुणाचा, चेकरची डिजिटल सही कधी संपते. बदलून गेलेल्या माणसाचा नंबर तसाच राहिला असेल तर ओटीपी त्याच्या खिशात वाजतो, आणि ३१ मार्चच्या दुपारी तो शिराळ्याच्या डोंगरात रेंजबाहेर असतो. नंबर बदलायचा अर्ज रुजू अहवालासोबतच द्या, आणि पोच घ्या.