वर्कशीट आणि उत्तरं जुळेनात, शेवटी असं जमवलं

दहावीला वर्गसमीकरणं शिकवताना प्रत्येक पोराला वेगळी वर्कशीट द्यायची हौस मला, म्हणजे कॉपी बंद! एक्सेलमध्ये रँडबिटवीन (दिलेल्या दोन आकड्यांमधला कुठलाही पूर्णांक काढणारं फंक्शन) लावून तिन्ही सहगुणक काढले आणि खूश झालो, पण वर्गात बघतो तर अर्ध्या गणितांचे अवयवच पडेनात. एक्स वर्ग + ५ एक्स + ३ घ्या, विवेचक (बी वर्ग − ४एसी) २५ − १२ म्हणजे १३, पूर्ण वर्ग नाही, म्हणून सरळ अवयव नाहीत, पोरं बसली डोकं खाजवत.

मग उलटीकडून गेलो. आधी मुळं निवडायची, समजा ३ आणि −८. बेरजेचं चिन्ह बदलून मधला सहगुणक ५, गुणाकार −२४, झालं समीकरण तयार, अवयव पडणारच. ५ आणि −५ अशी जोडी आली की मधलं पद गायब होतं, ती दोनेक मी मुद्दामच ठेवली.

तरी खरा घोळ पुढेच. उत्तरपत्रिका घरी प्रिंट केली, आणि प्रश्नांची फाईल पेनड्राइव्हवर घालून डिचोलीत झेरॉक्सवाल्याकडे, बाहेर धो धो पाऊस. त्याने फाईल उघडली आणि सगळे आकडे बदलले, कारण रँडबिटवीन हे फंक्शन फाईल उघडली की किंवा कुठल्याही सेलमध्ये काही टाईप केलं की परत नवे आकडे काढतं. ३० वर्कशीट वाया!

आता आकडे आले की सगळं कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज (फॉर्म्युला नाही, नुसते आकडे) पेस्ट करतो, प्रश्न-उत्तरं एकाच फाईलमधून पीडीएफ, दुकानात फक्त पीडीएफच जाते.