घरी बनवलेला रिले बोर्ड मुख्य विजेला जोडण्यापूर्वी

मोबाइलवरून दिवा किंवा पंप चालवणारे उपकरण घरी बनवताना प्रोग्राम लिहिण्यावर अनेक आठवडे खर्च होतात आणि २३० व्होल्टची जोडणी मात्र अर्ध्या तासात उरकली जाते. या दोन कामांना दिला जाणारा वेळ उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे, कारण प्रोग्राममधली चूक पुन्हा दुरुस्त करता येते, जोडणीतली चूक जिवावर बेतू शकते.

अशा उपकरणाला दोन बाजू असतात. एक मुख्य विजेची आणि दुसरी ३.३ किंवा ५ व्होल्टची, जिला आपण बिनदिक्कत हात लावतो. या दोन बाजूंमध्ये राखलेल्या अंतरावरच सारी सुरक्षितता अवलंबून असते. रिले म्हणजे कमी व्होल्टच्या संकेतावर मुख्य वीज जोडणारा-तोडणारा स्विच. त्याच्या आत कॉइल (स्विच हलवणारे वेटोळे) आणि कॉन्टॅक्ट (मुख्य वीज जोडणारी टोके) यांच्यात पुरेसे अंतर असले, तरी स्वस्त मॉड्यूलच्या बोर्डावर तेच अंतर पाळलेले असेल याची खात्री नसते; म्हणून बोर्ड उलटा करून तांब्याच्या पट्ट्या पाहाव्यात आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमध्ये कुठेही ६ मिलिमीटरपेक्षा कमी जागा दिसली, तर तो बोर्ड मुख्य विजेसाठी वापरू नये. सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स (सोल्डर नीट बसावा म्हणून लावलेला चिकट पदार्थ), धूळ आणि दमट हवा यांमुळे हेच अंतर कालांतराने निकामी होते, त्यामुळे बोर्ड स्वच्छ करणे हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. ‘ऑप्टोकप्लर (संकेत प्रकाशाने पोहोचवून दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा भाग) आहे’ एवढ्यावर विसंबू नये. ऑप्टोकप्लरच्या दोन्ही बाजूंचा पुरवठा जंपरने (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या तुकड्याने) एकत्र जोडलेला असेल, तर ऑप्टोकप्लरमुळे मिळणारे विलगीकरण उरतच नाही.

वीजपुरवठ्याच्या बाबतीत तर तडजोडच नको. ट्रान्सफॉर्मर न वापरता केवळ कपॅसिटरने व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटमध्ये ५ व्होल्टची तारसुद्धा जमिनीच्या तुलनेत मुख्य विजेच्या पातळीवर असू शकते. असे उपकरण चालू असताना प्रोग्राम भरण्यासाठी संगणकाला जोडले, तर संगणक जळू शकतो आणि जोडणाऱ्याचा जीवही जाऊ शकतो. बाजारात मिळणाऱ्या तयार स्विचमध्ये स्वतःचा प्रोग्राम भरणाऱ्यांनी तो मुख्य वीज पूर्णपणे काढूनच भरावा. नवीन उपकरणासाठी प्रमाणित, विलग केलेला अॅडॉप्टर वापरावा.

रिलेवर छापलेले १० अँपिअर हे साध्या रोधक भारासाठी (उदा. तापणारी तार) असतात. मोटर किंवा एलईडी दिव्यांचा ड्रायव्हर चालू होताना क्षणभर त्याच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कितीतरी पट प्रवाह खेचतो, कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना चिकटतात आणि मोबाइलवर ‘बंद’ दिसत असताना उपकरण चालूच राहते. त्यामुळे हीटर किंवा पंपासाठी रिलेने कॉन्टॅक्टर (जास्त प्रवाहासाठीचा मोठा रिले) चालवावा आणि हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट कधीही वगळू नये. बोर्ड रीस्टार्ट होताना काही पिनांचे व्होल्टेज क्षणभर वर-खाली होते, म्हणून रिले बंदच राहील अशा दिशेने रेझिस्टर जोडावा आणि मुख्य वीज न देता वीसेक वेळा रीस्टार्ट करून पाहावे.

रिलेने फेज तोडावा, न्यूट्रल नव्हे. अन्यथा दिवा विझलेला असूनही होल्डरमध्ये वीज राहते. फेजवर भाराला साजेसा फ्यूज घालावा, पण तो तारेला आगीपासून वाचवतो, माणसाला नव्हे. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) लागते, आणि तेही फेज व न्यूट्रल या दोन्हींना एकाच वेळी हात लागल्यास पडेलच असे नाही. स्क्रूखाली जाणाऱ्या बहुतारी वायरच्या टोकाला सोल्डर लावू नये, कारण दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरते आणि जोड सैल होतो. त्याऐवजी लग (वायरच्या टोकावर बसणारी धातूची टोपी) दाबून बसवावा. पीएलए या प्लास्टिकचा थ्रीडी प्रिंट केलेला डबा सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतो, त्यामुळे तो इथे चालत नाही. डबा धातूचा असेल तर त्याला अर्थिंग हवेच.

वीज बंद असल्याची खात्री करताना मल्टिमीटर आधी चालू असलेल्या सॉकेटवर तपासावा, मग सर्किटवर लावावा आणि शेवटी पुन्हा त्याच सॉकेटवर तपासावा. पहिल्यांदा वीज देताना फेजमध्ये जुन्या पद्धतीचा तंतूचा दिवा सिरीजमध्ये जोडावा. आत शॉर्ट असेल तर दिवाच पूर्ण उजळतो आणि बोर्ड वाचतो. त्यानंतर तो दिवा काढून तासभर पूर्ण भार चालवावा, वीज तोडून वरीलप्रमाणे खात्री करावी आणि मगच प्रत्येक जोड हाताने पाहावा. जो जोड इतरांपेक्षा गरम लागेल, तो उघडून नव्या लगने पुन्हा बसवावा आणि तासाभराची ही चाचणी पहिल्यापासून करावी.