पिकअप ओढत नाही? पंप उघडण्याआधी या चुका टाळा

जुनी डिझेल पिकअप, म्हणजे कॉमन रेल (संगणकाच्या ताब्यातली डिझेल फवारणी) यायच्या आधीची, इंजिनात दाबाने डिझेल सोडणाऱ्या मेकॅनिकल पंपाची. माल भरून कसारा घाट तिसऱ्या गिअरला चढायची, ती आता दुसऱ्यावर येते आणि दुसऱ्यातही दबते. गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, "पंप गेलाय." कधी कधी ते खरं असतं. पण बहुतेक वेळा दोष पंपाच्या अलीकडच्या स्वस्त सामानात सापडतो: फिल्टर, रबरी पाइप, तांब्याचं वॉशर, ॲक्सिलरेटरची केबल.

चूक पहिली: धूर न बघताच पाना हातात घेणं

चढावर, पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन, मागून कुणाला तरी धूर बघायला सांगा. दम नाही आणि काळा धूर भकाभका येतोय, तर डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय (किंवा नोझल, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड, नीट फवारत नाही). दम नाही आणि धूरही नाही, तर डिझेलच पोचत नाही. इंजिन गरम असूनही पांढरा धूर आणि डोळे चुरचुरत असतील, तर टायमिंग (डिझेल फवारायची वेळ), नोझल किंवा कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये हवा दाबली जाणं) यांत दोष. निळा म्हणजे ऑइल जळतंय. या एका निरीक्षणाने अर्धी शोधाशोध वाचते.

त्याआधी दोन गोष्टी मात्र इंजिनाबाहेरच्या. दहा किलोमीटर फारसा ब्रेक न मारता गाडी चालवा, थांबून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल, तर ब्रेक धरतोय. चढावर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. या दोन्ही दोषांसाठी पंप खोलून घेतलेल्या गाड्या काही कमी नाहीत.

केबल आणि पायाखालची मॅट

एकाने आत बसून पेडल तळापर्यंत दाबायचं, दुसऱ्याने बॉनेट उघडून पंपाचा लिव्हर बघायचा. लिव्हर शेवटच्या स्टॉपर बोल्टला टेकलाच पाहिजे. मध्ये चार-पाच मिलिमीटर फट राहिली, तर पंपाला पूर्ण ॲक्सिलरेटर कधी मिळतच नाही. केबल ताणलेली असते, किंवा जाड मॅट पेडलखाली अडकलेली. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. इंजिन बंद ठेवूनच बघा.

धूर नाही, दमही नाही: डिझेलचा रस्ता

सर्वांत जास्त फसगत इथे होते, कारण गळती दिसत नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणारा छोटा पंप) लाइन ओढणारी असते; तिथे चीर पडली की चालू इंजिनात डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पाइप बाहेरून कोरडा, म्हणून "पाइप ओके आहे" असं ठरतं. तपासायचं तर फीड पंपाआधी अर्धा मीटर पारदर्शक, डिझेलला टिकणारा पाइप जोडा आणि इंजिन रेज करा. डिझेल सलग वाहिलं पाहिजे. बुडबुड्यांची माळ दिसली की गाडी एअर घेतेय. क्लिपखाली कडक झालेलं रबर आणि बँजो बोल्टची (ज्याच्या पोटातून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट) वॉशरं आधी बघा. जुनं वॉशर उलटं करून परत बसवायची सवय महागात पडते. ते एकदा दबलं की दुसऱ्यांदा नीट सील होत नाही. दर वेळी नवीन घाला.

बुडबुडे नसतील तर अडथळा शोधा. टाकीच्या झाकणाचं श्वास घ्यायचं भोक धुळीने बुजलं, तर तासाभराच्या प्रवासानंतर दम जातो आणि गाडी थोडा वेळ उभी केली की परत येतो. दम गेलेला असतानाच झाकण उघडा. "फुस्स" करून हवा आत गेली तर रोग सापडला. टाकीतल्या पाइपाची जाळी आणि फीड पंपाच्या इनलेटची छोटी जाळीही काढून बघा. तिच्यावर काळा चिकट गाळ बसतो, आणि वरचा फिल्टर कितीदाही बदलला तरी तो तिथेच राहतो.

तरी कळत नसेल तर कॅनची परीक्षा. पाच लिटर स्वच्छ डिझेलचा कॅन हौद्यात घट्ट बांधा, सायलेन्सर आणि टर्बोपासून (इंजिनात जास्तीची हवा दाबणारा पंखा) लांब. फीड पंपाचा इनलेट आणि रिटर्न (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा), दोन्ही पाइप कॅनमध्ये सोडा. रिटर्न टाकीतच ठेवला तर कॅन बघता बघता रिकामा होतो. लाइनमधली एअर काढून त्याच चढावर जा. दम परत आला, तर दोष टाकी आणि लाइनमध्ये. नाही आला, तर फीड पंप किंवा त्याच्या पुढे.

काळा धूर: हवेचा रस्ता

एअर फिल्टरला बाहेरून कॉम्प्रेसर मारू नका. धूळ कागदात आणखी रुतते. आतून बाहेर, दोन बारच्या आत दाबाने मारा आणि मग आत बल्ब धरून बघा. उजेड सगळीकडे सारखा दिसला नाही तर फिल्टर टाकून द्या. एखाद्या टाचणीएवढ्या भोकातून उजेड थेट आला, तर लगेच टाका, तिथून धूळ सरळ टर्बो आणि लायनरवर (सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर) जाते.

टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतची (सिलेंडरांना हवा वाटणारी नळी) होज उभ्या गाडीत धड दिसते आणि दाब आला की फाकते. क्लिपजवळ ओलसर, तेलकट पट्टा दिसला तर तिथेच चीर शोधा. ज्या पंपावर बूस्टचा डबा (टर्बोच्या दाबाप्रमाणे डिझेल वाढवणारा) असतो, तिथे मॅनिफोल्डहून येणारी बारीक रबरी नळीही बघा. ती तुटली की टर्बो ठीक असूनही पंप जास्तीचं डिझेल सोडत नाही. मग धूर नाही, दम नाही, आणि दोष मात्र हवेच्या नळीत.

टर्बोचा शाफ्ट आडवा किंचित हलला म्हणून तो बदलू नका. ऑइलच्या पातळ थरासाठी तेवढी ढिलाई ठेवलेलीच असते. पाती घराला घासली असतील किंवा शाफ्ट पुढेमागे जाणवण्याइतका सरकत असेल, तर टर्बो गेला. (टर्बो नसलेल्या गाडीने महाबळेश्वरला दम कमी वाटला, तर तो बिघाड नव्हे, साडेतेराशे मीटरवर हवाच विरळ असते.)

नोझल ओळखायचं कसं

इंजिन स्लो रेसवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) ठेवून एकेका नोझलच्या पाइपचं नट अर्धा फेरा ढिलं करा, भोवती फडकं धरून. इंजिन लगेच अडखळलं, तर तो सिलेंडर काम करत होता. फरकच पडला नाही, तर तोच आजारी. चष्मा घाला, बोट फवाऱ्याजवळ नेऊ नका. या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि थेट हॉस्पिटल गाठावं लागतं. कॉमन रेल गाडीवर हा प्रकार कधीच करायचा नाही. नोझल परत बसवताना जुनं वॉशर हेडमध्ये चिकटून राहिलं नाही ना, ते टॉर्चने बघा. वर दुसरं बसलं की नोझल उंच होतं, आणि नव्या नोझलनेही धूर जात नाही.

पंपाचा स्क्रू "जरा वाढवून" देणं

सगळ्यांत महाग चूक हीच. फुल लोडचा स्क्रू (पंप जास्तीत जास्त किती डिझेल सोडेल ते ठरवणारा) पाव फेरा आत घेतला की गाडी दोन दिवस खूश. पण मूळ दोष हवेचा असेल, तर जास्तीचं डिझेल काळ्या धुरात आणि उष्णतेत जातं. लांब चढावर पिस्टनचं डोकं वितळतं, टर्बोच्या घराला तडा जातो. या स्क्रूचं सील तोडू देऊ नका.

पंप खरोखरच काढायचा ठरला, तर आधी पंपाची फ्लँज (इंजिनला बसणारी कड) आणि इंजिनवर छिन्नीची एकच सरळ खूण करा, म्हणजे टायमिंग जुन्या जागी बसवता येतं. बेंचवाल्याकडून (पंप मशीनवर तपासणाऱ्याकडून) दुरुस्तीआधीचं आणि नंतरचं, दोन्ही रीडिंग कागदावर मागा. आधीचं रीडिंग बरोबर निघालं, तर पंप तसाच परत बसवा आणि कॅनच्या परीक्षेकडे वळा.