बायोग्राफचा माग काढायचा तर आधी नावं लिहा

मूकपटांच्या काळातल्या अमेरिकन चित्रपट कंपनीचा इतिहास शोधायला बसलं की हात आधी चित्रपटांच्या यादीकडे जातो. तो आवरा. आधी कंपनीची सगळी नावं लिहून काढा आणि प्रत्येकासमोर एकच गोष्ट नोंदवा: त्या वेळी ही मंडळी काय विकत होती?

न्यूयॉर्कच्या बायोग्राफ या चित्रपट कंपनीचंच घ्या. डिसेंबर १८९५ मध्ये न्यू जर्सीत नोंदणी झाली ती ‘अमेरिकन म्युटोस्कोप कंपनी’ची. म्युटोस्कोप म्हणजे पेटी. नाणं टाकायचं, डोळा लावायचा, हँडल फिरवायचं, की आतल्या फोटोंच्या पत्त्या फडफडत चित्र हलू लागायचं. १८९९ मध्ये नावाला ‘अँड बायोग्राफ’ जोडलं गेलं, कारण पडद्यावर चित्र दाखवणं हाही धंदा झाला होता. १९०९ मध्ये म्युटोस्कोप गळालं. ही नावं मी सुरुवातीला वेगवेगळ्या कंपन्यांची समजून दोन फायली केल्या होत्या. तुम्ही एकच करा.

मग पत्ते. न्यूयॉर्कमधल्या ८४१ ब्रॉडवेच्या गच्चीवरचा स्टुडिओ रुळांवर फिरायचा, कारण दिवा म्हणजे सूर्यच. पुढे ११ ईस्ट १४वा रस्ता. पत्ता आणि नाव जुळलं की कागदाची तारीख बरीच जवळ येते.

खरा ऐवज कोर्टात आहे. एडिसनने कॅमेऱ्याच्या पेटंटवरून दावा लावला, मार्च १९०२ मध्ये अपिलात बायोग्राफ जिंकली. हे भांडण नीट वाचल्याशिवाय डिसेंबर १९०८ चा ट्रस्ट, म्हणजे चित्रपट कंपन्यांची मक्तेदार युती, समजत नाही. एकमेकांना कोर्टात खेचणाऱ्या दोघांनी आपापली पेटंटं एकाच कंपनीत ठेवली, ती मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी.

चित्रपट पाहाल तेव्हा भिंती पाहा. दिवाणखान्याच्या देखाव्यात, नटांच्या पाठीमागे, वर्तुळात ‘एबी’ (अमेरिकन बायोग्राफ) अशी खूण दिसते. चोरून प्रती काढणाऱ्यांना ती पुसता येऊ नये म्हणून थेट सेटवरच लावलेली. मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी तेच दृश्य पुन्हा पुन्हा पाहत राहिलो.

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधले कागदी प्रिंट चुकवू नका. १९१२ पूर्वी कॉपीराइट कायद्यात चित्रपट असा प्रकारच नव्हता, म्हणून कंपन्या चित्रपट फोटोच्या कागदावर छापून जमा करत. हक्क कोणत्या नावाने मागितला हे नोंदीत असतं. त्या दिवशी कंपनी स्वतःला काय म्हणवत होती, ते तिथे मिळतं.

१९१३ च्या पानावर दोन नोंदी शेजारी ठेवा: ब्राँक्समध्ये १७५व्या रस्त्यावर नवा स्टुडिओ, आणि कंपनीचा दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ तिला सोडून गेला. त्याला लांब चित्रपट करायचे होते, कंपनी बिचकत होती. का बिचकत होती, यासाठी पुन्हा ट्रस्टच्या कागदांकडे वळा. तिथली सगळी घडी एका रिळाच्या, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांच्या, चित्रपटावर बसवलेली होती.